४८२ म्हणजे कोणतं ४८२, हे यंत्राला सांगा

न्यायनिवाडे शोधणारी एआय साधनं घडवणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यात वकिली करतो. बावीस वर्षं झाली. जिल्हा न्यायालयात उभा राहतो आणि छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातही. तुमच्यातले कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूत, कुणी परदेशात बसून एआय एजंटसाठी, म्हणजे माणसाच्या वतीने स्वतः टूल्स वापरून काम करणाऱ्या एआयसाठी, निवाडे शोधून आणणारी टूल्स लिहिता आहात. तुमचा कोड मला वाचता येत नाही. पण प्रत्येक टूलसोबत तुम्ही चार ओळींचं वर्णन लिहिता, ते साध्या भाषेत असतं. ते मला वाचता येतं, आणि हे पत्र त्या चार ओळींबद्दल आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बांधावरून दोन भावकींत मारामारी झाली, एकाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा बसला, गुन्हा दाखल झाला. ज्याचं नाव एफआयआरमध्ये पहिलं, त्याचे वडील शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात येऊन बसले. सोमवारी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज चालणार होता. माझी ज्युनिअर हुशार आहे, मेहनती आहे. तिने एका एआय सहायकाला विचारलं, ‘कलम ४८२ खाली, शेताच्या बांधाच्या भांडणात आरोपीला दिलासा देणारे उच्च न्यायालयाचे निवाडे दे.’ पाच मिनिटांत सात निवाडे आले. सातही खरे. क्रमांक बरोबर, तारखा बरोबर, लिंक उघडत होत्या. तिने प्रिंट काढल्या, पिवळ्या पेनने ओळी रंगवल्या.

रविवारी रात्री मी ते वाचायला घेतले आणि तिसऱ्या निवाड्याशी थांबलो. सगळेच्या सगळे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८२ खालचे होते. ते ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, म्हणजे एफआयआर रद्द करण्याचे अर्ज. त्यातले बहुतेक दोन्ही बाजूंत तडजोड झाली म्हणून मंजूर झालेले. आमच्याकडे तडजोड नव्हती आणि एफआयआर रद्द करायची मागणीही नव्हती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ खाली मिळायचा. आणि जुन्या ४८२ चे अधिकार आता ५२८ मध्ये गेले. आकडा तोच, कायदा वेगळा, मागणी वेगळी, न्यायालयही वेगळं असू शकतं.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून आम्ही ४३८ खालचे निवाडे हाताने काढले. सोमवार निभावला. पण शुक्रवारी संध्याकाळी त्या वडिलांचा चेहरा मी पाहिला होता. माझी नजर त्या तिसऱ्या निवाड्यावर अडली नसती तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

त्या सहायकाने ज्या टूलने हे निवाडे शोधले, ते ज्यांनी बनवलं त्यांच्याशी पुढे बोललो. माणसं भली निघाली, काही लपवलं नाही. टूलचं वर्णन त्यांनी जसंच्या तसं पाठवलं. त्याचा मराठी अर्थ एवढाच: ‘न्यायालयीन निवाडे शोधतं. कलम, विषय किंवा पक्षकाराचं नाव द्या.’ आणि ‘कलम’ या रकान्यापुढे: ‘कलम क्रमांक, उदा. ३०२.’

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे उदाहरण. ३०२ म्हटलं की आपल्या डोक्यात खून येतो. पण भारतीय न्यायसंहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे, आणि तिथलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल आहे. म्हणजे यंत्राला शिकवण्यासाठी दिलेला दाखलाच दोन अर्थांचा होता.

मला जे समजावून सांगण्यात आलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा. एजंटला तुमचा डेटाबेस दिसत नाही. त्यात कोणत्या न्यायालयाचे, कोणत्या वर्षापासूनचे, कसले निवाडे भरले आहेत, हे त्याला ठाऊक नसतं. त्याला दिसतं टूलचं नाव, टूलचं वर्णन, आणि काय काय भरायचं त्या रकान्यांची यादी. एआयला टूल्स जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल असो की दुसरी कोणती पद्धत, गाभा हाच. वकिलाचा प्रश्न एका हातात आणि तुमचं वर्णन दुसऱ्या हातात, एवढ्यावर ते मॉडेल ठरवतं की हे टूल वापरायचं का, आणि रकान्यात काय भरायचं.

हे कळल्यावर मला आमच्या कारकुनांची आठवण झाली. ऑफिसात नवा मुलगा आला की ते त्याला पहिल्यांदा रेकॉर्ड रूमला पाठवतात, पण नुसतं ‘जा, फाइल घेऊन ये’ म्हणत नाहीत. सांगतात, ‘दिवाणी खालच्या मजल्यावर, फौजदारी वर. २०१० च्या आधीचं बांधलेल्या गठ्ठ्यात आहे, त्याचा अर्ज वेगळा. नंबर सांगताना वर्ष सांग, नाहीतर भलतीच फाइल देतील. आणि नाही मिळाली तर नाही मिळाली असं सांग, तिच्यासारखी दुसरी आणू नको.’ हे शेवटचं वाक्य तर ते दारापर्यंत जाऊन पुन्हा सांगतात. टूलचं वर्णन म्हणजे दाराशी सांगितलेली ही गोष्ट. यंत्र रोज नवं असतं, काल काय घडलं ते त्याच्या लक्षात नसतं, म्हणून ती रोज तितकीच नीट सांगावी लागते.

मी ते वर्णन पुन्हा लिहून पाहिलं. तुम्ही इंग्रजीत लिहाल, हरकत नाही. मजकूर साधारण असा हवा:

‘मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्व खंडपीठांचे अंतिम निवाडे शोधतं. अंतरिम आदेश आणि रोजनामे यात नाहीत. जिल्हा न्यायालयांचे निकाल नाहीत. सर्वोच्च न्यायालयासाठी दुसरं टूल वापरा. कलमाने शोधताना कायद्याचं नाव आणि वर्ष देणं बंधनकारक आहे, कारण एकाच क्रमांकाचं कलम जुन्या व नव्या कायद्यात वेगळ्या विषयाचं असतं: फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ चं ४८२ म्हणजे अंगभूत अधिकार, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ चं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. वापरणाऱ्याने कायदा सांगितला नसेल तर शोधण्याआधी त्याला विचारा. अटकपूर्व जामिनावरचे जुने निवाडे हवे असतील तर १९७३ च्या संहितेचं ४३८ वेगळं शोधा. परत मिळतं ते फक्त उतारा आणि ओळख. निवाडा उद्धृत करण्याआधी पूर्ण मजकूर आणणारं टूल वापरा.’

लांब आहे, कबूल. प्रत्येक शब्दाला तुमच्याकडे जागा लागते, पैसे लागतात, हेही मला सांगण्यात आलं. तरी ‘वेगवान’, ‘सर्वसमावेशक’, ‘अत्याधुनिक’ हे शब्द तुमच्या वर्णनांत मी पाहिले आहेत, आणि त्यांचा यंत्राला काहीही उपयोग नाही. ते काढले की ‘कायद्याचं नाव बंधनकारक’ बसवायला जागा होते.

आता खटल्याच्या क्रमांकाबद्दल. बाहेरच्या माणसाला वाटतं की ‘रिट याचिका क्रमांक अमुक, २०१८’ म्हणजे एकच याचिका. तसं नाही. त्याच क्रमांकाची, त्याच वर्षाची रिट याचिका मुंबईत असते, नागपुरात असते, आमच्याकडेही असते. शिवाय याचिका दाखल झाली की आधी स्टॅम्प नंबर पडतो आणि कार्यालयीन त्रुटी दूर झाल्यावर रजिस्टर नंबर. दोन्ही आकडेच. पक्षकाराच्या खिशातल्या चिठ्ठीवर यातला कोणता लिहिलाय ते त्याला स्वतःला माहीत नसतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे गेले. म्हणजे सांगलीच्या जमिनीच्या वादात जुने निवाडे मुंबईच्या अपील शाखेत सापडतील आणि नवे कोल्हापुरात. तुमच्या टूलला खंडपीठाचा रकाना असेल आणि यंत्राने तिथे ‘कोल्हापूर’ भरलं, तर कित्येक वर्षांचे निवाडे एका झटक्यात बाहेर पडतात, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आमच्या शहराचं नाव बदललं. सायटेशनमध्ये, म्हणजे निवाड्याच्या ओळख क्रमांकात, मात्र ‘एयूजी’ हीच अक्षरं येतात, जुन्या निवाड्यांत सगळीकडे औरंगाबादच आहे, आणि बिहारमध्येही एक औरंगाबाद जिल्हा आहे. धाराशिव आणि उस्मानाबाद यांचंही तसंच. एक वाक्य लिहा: ‘शहराचं जुनं व नवं, दोन्ही नावं शोधा.’ सात शब्द आहेत फक्त.

खरं पाणी मुरतं ते जमिनीच्या कायद्यात. माझं निम्मं काम तिथलं, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. एखादा शेतकरी, किंवा त्याचा पुण्यात शिकणारा मुलगा, मोबाइलवर मराठीत विचारतो: ‘कूळ कायद्याखाली आजोबांच्या नावावर जमीन झाली होती, आता मालकाचे वारस हक्क सांगतात, काही निकाल आहे का?’ महाराष्ट्रात कूळ कायदा एक नाही, तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाला १९४८ चा, मराठवाड्याला निजामाच्या राज्याचा वारसा म्हणून १९५० चा हैदराबादचा, विदर्भाला १९५८ चा वेगळा. पश्चिमेकडे कुळाने घ्यायच्या जमिनीची किंमत ठरवणारं कलम ३२-ग आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, तर आमच्याकडे ‘संरक्षित कूळ’ आणि त्याच्याकडे मालकी देणारं कलम ३८-ई. त्यातून १९४८ च्या कायद्याच्या नावातला ‘मुंबई’ २०१२ मध्ये जाऊन ‘महाराष्ट्र’ आला, म्हणजे जुन्या निवाड्यांत एक नाव आणि नव्यांत दुसरं.

एजंट या मुलाच्या प्रश्नाचं इंग्रजी करतो, ‘टेनन्सी’ म्हणून शोधतो आणि ३२-ग वरचे निवाडे ढिगाने आणतो, कारण संख्येने तेच जास्त आहेत. मुलगा जालन्याचा असतो. त्याला त्यातला एकही लागू पडेल असं नाही. कधीकधी तर ‘टेनन्सी’ वरून शहरातल्या घरभाड्याचे निवाडे येतात, कारण भाडेकरूही टेनंट आणि कूळही टेनंट. इथे वर्णनात लिहायला हवं की शेतजमिनीच्या प्रश्नात जिल्हा विचारल्याशिवाय शोधू नये, आणि कोणत्या जिल्ह्यांना कोणता कायदा. सातबारा, फेरफार, गायरान, वहिवाटीचा रस्ता हे शब्द इंग्रजी निवाड्यांत कधी भाषांतर होऊन येतात, कधी रोमन लिपीत चार वेगवेगळ्या स्पेलिंगनी. गायरानचीच चार रूपं मी पाहिली आहेत. तुम्ही आतून ही रूपं जोडली असतील तर तसं सांगा, म्हणजे यंत्र उगाच चार वेळा शोधणार नाही. जोडली नसतील तर तेही सांगा, म्हणजे ते चारही वेळा शोधेल.

आणि हो, सर्वोच्च न्यायालयाचे काही निवाडे आता मराठी भाषांतरात मिळतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण भाषांतर पक्षकाराला समजावं एवढ्यापुरतं असतं, अधिकृत पाठ इंग्रजीच. टूल जर मराठी मजकूर परत देत असेल तर ही अट त्या मजकुरासोबत दरवेळी गेली पाहिजे.

आता रिकाम्या उत्तराबद्दल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

टूलने काहीच परत दिलं नाही, याचे तीन वेगळे अर्थ होतात. एक, शोधलं आणि खरोखर सापडलं नाही. दोन, तुम्ही मागताय ते आमच्या साठ्यातच नाही, उदाहरणार्थ १९९५ चा निवाडा मागितला आणि साठा २००५ पासूनचा आहे. तीन, शोधताच आलं नाही, कारण सरकारी संकेतस्थळ बंद होतं किंवा कॅप्चा आडवा आला. तुमची बरीच टूल्स तिन्ही वेळा एकच रिकामी यादी देतात. मग एजंट वकिलाला छातीठोकपणे सांगतो, ‘या मुद्द्यावर निवाडा उपलब्ध नाही.’ वकील न्यायालयात तेच म्हणतो. समोरचा वकील उठून निवाडा पुढे करतो. किंवा याहून वाईट म्हणजे, हाताला काही लागलं नाही म्हणून यंत्र आपल्या आठवणीतून एखादं नाव काढून देतं.

याचा शेवट कसा होतो ते सगळ्यांनी वाचलं आहे. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने माता विरुद्ध एव्हियान्का या प्रकरणात, चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर केले म्हणून ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यूयॉर्कच्या वकिलांच्या हाताशी चॅटबॉट होता, शोधणारं टूल नव्हतं. आता टूल आलं, म्हणून लोक निर्धास्त होऊ लागले आहेत. म्हणूनच रिकामं उत्तर बोलकं करा. ‘साठ्यात २००५ ते आजवरचे निवाडे आहेत, या शब्दांनी काही मिळालं नाही, याचा अर्थ निवाडा नाही असा होत नाही, आठवणीतून निवाडा सुचवू नका.’ आणि स्थळ बंद असेल तर ‘शोध झालाच नाही’ असं स्पष्ट. हे वर्णनातही लिहा आणि उत्तरातही.

जे सापडतं त्याचंही एक आहे. तुमचं टूल निवाड्याचे तुकडे करून त्यातला जुळणारा परिच्छेद आणतं. निवाडा कसा लिहिलेला असतो ते लक्षात घ्या. आधी हकीकत, मग अर्जदाराच्या विद्वान वकिलांचं म्हणणं, मग सरकारी वकिलांचं म्हणणं, मग इतर निवाड्यांतले उतारे, आणि या सगळ्यानंतर न्यायालय स्वतः बोलतं. सर्वात ठाम, सर्वात चटकदार वाक्यं पुष्कळदा वकिलांच्या म्हणण्यात असतात, आणि शोधात तीच वर येतात. मी स्वतः पाहिलं आहे: यंत्राने ‘न्यायालयाने असं ठरवलं’ म्हणून दिलेला परिच्छेद हा हरलेल्या बाजूचा युक्तिवाद होता. त्याच परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘असं प्रतिपादन करण्यात आलं की’ हे शब्द होते, पण तुकडा पाडताना ते वरच राहिले होते.

भिन्नमताचंही तसंच. १९७६ च्या एडीएम जबलपूर प्रकरणात चार न्यायमूर्ती एका बाजूला होते आणि न्या. एच. आर. खन्ना एकटे दुसऱ्या बाजूला. आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, हे बहुमत. खन्नांनी ते मानलं नाही. दोन्ही एकाच निवाड्यात छापलेलं आहे. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते बहुमत मोडीत काढलं. आता टूलने यातला एक परिच्छेद उचलून आणला तर तो बहुमताचा की भिन्नमताचा, आणि निवाडा आज उभा आहे की पडला, हे कोण सांगणार? तुमच्या टूलला हे कळत नसेल तर त्यात कमीपणा नाही. पण ‘निवाडा नंतर फिरवला गेला का, हे हे टूल तपासत नाही’ हे वाक्य वर्णनात नसेल, तर यंत्र गृहीत धरतं की तपासलेलं आहे.

पीडितांच्या नावाबद्दल दोनच ओळी. लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्यायसंहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, आहे. ‘पक्षकाराच्या नावाने शोधा’ एवढंच लिहून सोडून देऊ नका.

माझी मागणी आहे ती अशी. तुमच्या टूल्सची वर्णनं उघड ठेवा, आम्हा वकिलांना वाचायला मिळू द्यात. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते रोग्याला वाचता येतं, मग ज्यावर एखाद्याचा जामीन अवलंबून आहे त्या टूलने यंत्राला काय सांगितलंय ते आम्हाला का दिसू नये? वर्णन बदललं की तारीख टाका. आणि लिहून झालं की तुमच्या ऑफिसातल्या कुणाला नव्हे, न्यायालयात वीस वर्षं फायली हाताळलेल्या एखाद्या कारकुनाला ते वाचून दाखवा. त्याला ‘एम्बेडिंग’ म्हणजे काय ते कळणार नाही. पण ‘कलम क्रमांक, उदा. ३०२’ ऐकल्याबरोबर तो विचारेल, ‘साहेब, कोणत्या कायद्याचं?’

आमचे कारकून हे करायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. शनिवारी दुपारनंतर ऑफिस रिकामं असतं. वर्णनं छापून आणा, मोठ्या अक्षरांत, त्यांना चष्मा लागतो. मी आणि माझी ज्युनिअर प्रश्न काढून ठेवतो: बांधाचे, फेरफाराचे, चेक न वटल्याचे, पोटगीचे, जसे पक्षकार विचारतात तसेच, मराठीत आणि अर्धवट. पहिला प्रश्न ४८२ चा असेल.

आपला,
मराठवाड्यातला एक वकील